वाटे घालणारी महानंदा

१५ नोव्हेंबर १९८१, रविवार
पाण्यावरचा चौदावा दिवस. आज वल्हं महानंदाच्या हातात. आम्ही तीनदा एकाच बाभळीपाशी आलो. चौथ्यांदा ती म्हणाली, "ही बाभळच फिरतीय."

एकतीस वर्षं पेपरची बातमीदारी केली, त्यातली निम्मी पाणीटंचाईवर. निवृत्त झालो की हिला समुद्रावर नेईन असं दर दिवाळीला कबूल केलं होतं. उस्मानाबादहून समुद्र लांब, आणि हिला बस लागते. शेवटी तेरणेच्या धरणात जुनी लाकडी होडी टाकली. वर ताडपत्री, आत स्टोव्ह, दोन वळकट्या. काठाकाठानं हिंडायचं, वाटेल तिथं मुक्काम. इस्टेट एवढीच. समुद्राचं नाव ती काढत नाही. मीही काढत नाही.

१७ नोव्हेंबर
होडी दुरुस्त करून देणारा सुतार रत्नागिरीकडचा. त्यानं निघताना बजावलं होतं, "नांगर घेतल्याशिवाय पाण्यात जाऊ नका." मी विसरलो. महानंदा विसरली नव्हती. आज तिचे बंधू विरुपाक्ष बैलगाडी घेऊन काठावर हजर, गाडीत अख्खा लोखंडी नांगर!

"दाजी, पाण्यात काय पेरणार?"

होडीचा नांगर वेगळा, हे समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. मग म्हटलं, टाकून तर बघू. दोर बांधून सोडला. गाळात असा रुतला की वारा सुटला तरी होडी जागची हलली नाही. महानंदा दिवसभर माझ्याकडं बघून गप्प हसत होती.

२० नोव्हेंबर
मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बलभीम स्वतःच्या होडीतून आले. चहा घेतला. भला माणूस. पण म्हणाले, "अण्णा, तुमचं नाव लई ऐकून हाय. पर धरणात होडी फक्त सभासदाची. आन् सभासद म्हंजे जो मासे धरतो तो."

"आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"त्येच तर. सत्तावीस डिसेंबरला जनरल मीटिंग हाय. तवर ऱ्हावा. पुढं पंच म्हनतील तसं."

ते गेल्यावर महानंदा बराच वेळ पाण्यात हात घालून बसली. लग्न झाल्यापासून तिनं बघितलं ते सासरचा चौक आणि पाण्याची रांग. मला म्हणाली, "मला उतरायचं नाही हो."

२१ नोव्हेंबर
सभेसाठी अर्ज लिहिला. चार पानं. तिनं वाचून विचारलं, "यात बातमी कुठं आहे?"

२९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी मासे धरणाऱ्या भोयांच्या वस्तीपाशी थांबलो होतो. काठावर भांडण. मोठे मासे सोसायटीकडं जातात. उरलेल्या बारीकसारीकाचे घरोघरी वाटे पडतात. वाटे घालणाऱ्यानं स्वतःचा वाटा शेवटी उचलायचा, अशी रीत. तरी रोज भांडण होतंच. घालणाऱ्याला कुठला मासा चवीचा ते ठाऊक असतं, आणि कुठला ढीग शेवटी उरेल तेही.

पुतळाबाई, जाळी विणणाऱ्या, वस्तीत वयानं सगळ्यात मोठ्या. त्या महानंदाला म्हणाल्या, "आक्का, तुमीच घाला की. तुमाला कशातलं काय कळत न्हाय."

"अय्यो! मी?"

नाकाला पदर लावला, हातात स्टोव्हवरचं उलथनं घेतलं आणि बसली. मरळ, शिंगाळा, झिंगे, सगळे तिला सारखेच. लांबीला लांबी, मुठीला मूठ, असे नऊ ढीग. साड्यांच्या घड्या घालाव्यात तसे. कुणी हूं की चूं केलं नाही. नंतर तिनं उलथनं धरणातच फेकून दिलं. आता पोळ्या काटक्यांनी उलटायच्या.

६ डिसेंबर
रोजचंच झालं. दिवस वर आला की हाक येते, "आक्का, वाटे!" तिच्यासाठी वस्तीनं बाभळीची सपाट काठी तासून दिली. ती ढीग घालते, मी समोर बसून कमी-जास्त सांगतो. आम्हा दोघांत मिळून एक धड मासा ओळखता येत नाही. लोकांना त्याचाच भरवसा.

परवा एकानं "माझ्यात जरा मरळ सरकवा" म्हणून डोळा मिचकावला. तिनं विचारलं, "मरळ म्हणजे यातली कुठली?" सगळी वस्ती हसली. त्याचं तोंड बघण्यासारखं.

२६ डिसेंबर
उद्या मीटिंग. अर्ज दोन पानांवर आणला. झोप नाही, भूक नाही. महानंदानं मात्र पुढच्या महिन्याची ज्वारी निवडली.

२७ डिसेंबर, रविवार
माझा अर्ज कुणी वाचलाच नाही. एका सभासदानं हरकत घेतली, "मासे न धरनारा सभासद? उद्या मास्तर येतील, तलाठी येतील."

पुतळाबाई उठल्या. "धरनारे लई हायेत. महिना झाला, काठावर कुनाचं डोकं फुटलं का? सांगा की." हरकत घेणारा खाली बसला. "खानाऱ्याच्या हातात काठी दिली की पुन्हा भांडान हायच. न खानारा हात कुठून आनता?"

ठराव माझ्याकडूनच लिहून घेतला: वाटे घालण्याचे काम न खाणाऱ्या घराकडे राहील, तोवर त्यांची होडी धरणात राहील. सभासद सौ. महानंदा. मी "सोबतचे इसम". एकतीस वर्षांत इतक्या आनंदानं दुसऱ्याचं नाव वर लिहिलं नव्हतं.

३ जानेवारी १९८२
बलभीमनी आग्रहानं घरी जेवायला नेलं. महानंदा पुतळाबाईंकडं, मी एकटाच. माझ्यासाठी वेगळं रांधलं होतं. पण पंगतीत वाट्या इकडच्या तिकडं झाल्या असाव्यात. वांग्याचा रस्सा समजून भुरकला. दुसऱ्यांदा मागितला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा मरळ म्हणजे काय ते समजलं होतं.

होडीवर आलो. महानंदानं जवळ येऊन माझ्या मिशांकडं बघितलं. नाकाला पदर लावला.

"उद्यापासून वाटे घालताना," ती म्हणाली, "तुम्ही पलीकडं तोंड करून बसा."