मनगट सैल

ता. ३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गुडघ्याला तेल लावताय ना? आमच्या अल्टरनेटिव्ह रॉक बँडचा लाइव्ह अल्बम पुढच्या शुक्रवारी येतोय, त्याच कार्यक्रमाचा व्हिडिओही. मोडलेलं मनगट जुळल्यावर मी पहिल्यांदा ड्रमवर बसले ती त्या कार्यक्रमातच, त्यामुळे जीव टांगणीला आहे.

काल मात्र ध्वनिमुद्रण ऐकताना गंमत झाली. सातव्या गाण्यात सगळी वाद्यं क्षणभर थांबतात. नेमकं तिथेच प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलंय, मनगट सैल सोड म्हणून! ध्वनिमुद्रकानं कपाळाला हात लावला. गिटारवाला म्हणाला, एखादा डॉक्टर असेल. मी मात्र आवाज ओळखला. लहानपणी मी हातोडी आवळून धरली की असं खेकसणारा सुतार जगात एकच. तो तर त्या दिवशी मावशीकडे गेला होता ना? खरं काय ते कळवा.

लोभ ठेवालच.
आपली,
ठोकाठोक

ता. ६ मार्च

चि. ठोकाठोक हिस,
अ. उ. आ.

चोराच्या मनात चांदणं, म्हणून लगेच उत्तर लिहवेना. होय, तो मीच. मावशीकडे निघालो आणि पाय तुझ्याकडे वळले. तिकीट काढून एका खांबाला टेकलो. टाळ्या टिपायला त्यालाच माइक लावलाय, हे मला काय ठाऊक!

तुमच्या त्या संगीतावर कानात कापूस हाच उपाय, पण डोळे उघडे होते. तुझी मूठ काठ्यांवर आवळलेली, खांदा कानाला भिडलेला. अशी हातोडी धरणाऱ्याचा हात अर्ध्या तासात कामातून जातो. तोंडातून निघून गेलं, पोरी.

आधी वर्षभर ड्रम विकून टाक म्हणून तुझ्या मागे लागलो, आणि आता तुमच्या दुधात मिठाचा खडाही मीच टाकला. तेवढं कापायला सांग.

राग धरू नकोस.
तुझे बाबा

ता. ९ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

कापून पाहिलं, छान सफाईदार झालं. मीच हट्टानं परत घालायला लावलं. कारण ऐका.

सहाव्या गाण्यातच माझी बोटं बधिर झाली होती. सातवं अर्धवट सोडून उठायचं आणि पुन्हा कधी ड्रमवर बसायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात तुमचे शब्द ऐकू आले. मला वाटलं, मनातच आठवले. मी मूठ सोडली आणि पुढची पाच गाणी हात रंध्यासारखा सरसर चालला. व्हिडिओत माझा खांदा खाली येताना स्पष्ट दिसतो.

मी समजत होते, तुम्ही माझ्यावर रुसलात. तुम्ही तिथे होतात हे कळल्यापासून हसू आणि रडू एकदमच येतंय.

तुमचीच,
ठोकाठोक

ता. १५ मार्च

चि. ठोकाठोक हिस,
अ. उ. आ.

कारखान्यात सगळ्यांनी करवती बंद ठेवून व्हिडिओ पाहिला. माझा आवाज आला तेव्हा मेले शिट्ट्या मारत होते! शेवटच्या गाण्यानंतर तू दोन्ही हात वर केलेस, तेव्हा वर्षभराचं ओझं उतरलं बघ.

मी रुसलो नव्हतो, भ्यालो होतो. हाड बसवताना तू फोडलेला टाहो मी दाराबाहेर उभा राहून ऐकला होता. ड्रम दिसले की मनगट पुन्हा मोडेल असं वाटायचं आणि तोच कानात घुमायचा. काल तुझी गाणी चार वेळा ऐकली, तो एकदाही आठवला नाही.

विकून टाक म्हणालो होतो ना, तेवढं मात्र मनातून कापून टाक.

लोभ आहेच, तो असू दे.
तुझे बाबा