कानगडाचे कोठार

सांगली,
दि. ४ सप्टेंबर २०२४

चि. जयराज यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

फलकासाठी तू मागितलेला गावाचा परिचय सोबत पाठवत आहे. ग्रामपंचायतीचा मसुदा कोणी लिहिला ते विचारत नाही. वीस ओळींत ‘ऐतिहासिक’ हा शब्द अकरा वेळा येतो, एवढेच नोंदवते.

एक दुरुस्ती तुला टोचेल. दसऱ्याला घरटी एक घागर आपण गडावरच्या ज्या टाक्यात ओततो, ते टाके नव्हेच. धान्याचे कोठार आहे. भिंतींत हवेसाठी झरोके आहेत, जुन्या यादीत तिथल्या ज्वारीची नोंद आहे. ते कधीच का भरत नाही, हे कुणालाही विचारावेसे वाटले नाही! त्या पाण्याने पूर्वेच्या भिंतीला फुगवटा आला आहे. प्रथा थांबली पाहिजे. चाळीस वर्षे इतिहास शिकवला. आता समजावण्याचे त्राण नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवण्याइतकी ताकद दोघांतही उरलेली नाही.

आक्का


कानगडवाडी,
दि. ११ सप्टेंबर

ती. आक्कास जयराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

फौजेत सव्वीस वर्षे हुकूम आला तसा पाळला, पण हे वाक्य गावापुढे वाचवत नाही. एकसष्ट घरे, त्यांतल्या अडतीस घरांना कुलूप. त्यांत एक तुझ्या वाटणीचे. पुण्या-मुंबईची मंडळी दिवाळीलाही फिरकत नाहीत, पण घागरीला येतात. ज्याची घागर चुकेल त्याचे नाव गडावर पुकारून सगळ्यांनी गप्प राहायचे, ही आपली रीत. ते गप्प राहणे कुणाला सोसत नाही. घागर थांबली की कुलपे उघडायची थांबली. तेवढी एक ओळ गाळ.

शेजारच्या मनुबाईला सांगितले, तर तिने विचारले की, आक्का लय शिकली, पर आमी एवढी वर्सं वाहिल्यालं पाणी गेलं कुठं?

तुझा
जयराज


कानगडवाडी,
दि. १४ ऑक्टोबर

ती. आक्कास सा. न.

तुझे उत्तर एका ओळीचे आले: पाणी भिंतीत गेले, वाक्य तसेच राहील. म्हणून ग्रामसभेत परिचय अक्षरशः वाचला. मनुबाई म्हणाली की, आवं, कोठार हाय तर पाणी कशापायी, जुंधळा वतू की! विषय संपला. सगळ्यांना फोन गेले.

परवा दसऱ्याला घरटी मूठभर ज्वारी गडावर चढली. पस्तीस कुलपे उघडली. पुण्याहून आलेल्या शिवतेजने ही रीत कुणाची म्हणून विचारले, तर मनुबाईने ठणकावले की, आक्काची, आन् कागद हाय.

तीन घरांची नावे पुकारून गप्प राहिलो. शेवटचे तुझे होते.

जयराज


सांगली,
दि. २१ ऑक्टोबर

चि. जयराज यास आशीर्वाद.

सुधारित वाक्य असे: ‘हे धान्याचे कोठार असून दसऱ्याला ग्रामस्थ त्यात ज्वारी वाहतात, ही प्रथा सन २०२४ पासून.’ सन गाळू नकोस. ज्वारी दुसऱ्या दिवशी उपसून पाखरांना घालावी, नाहीतर कीड लागेल. मनुबाईस माझे नाव सांगून बजाव.

माझ्या संशोधनाने आजवर एक माणूस जागचा हलला नव्हता. माझे नाव पुकारल्यावर किती वेळ गप्प राहिलात, ते कळव. नको, कळवू नकोस.

पुढच्या दसऱ्याला गड चढणे मला जमणार नाही. माझी मूठ तू ने. माझ्या घराचे दार मात्र मीच उघडीन. कडीकोयंड्याला आत्ताच तेल घालून ठेव. ऐनवेळची खटपट मला चालत नाही.

आक्का