चाळीस टक्क्यांवर मरणारा फोन

धाड, ६ ऑक्टोबर २०२५

ती. समताताईस,
संघर्षचा सप्रेम जयभीम.

वि. वि. इकडं सगळे बरे आहेत, मी सोडून. बाबांच्या फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून लिहून राह्यलो. माझा फोन या पत्रासोबत गोकुळभाऊच्या मलकापूरला येणाऱ्या जीपमधून पाठवलाय. चार वर्षांचा आहे. काच शाबूत, आवाज खणखणीत, पण बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलंय. चाळीस टक्के दाखवतो अन् एकदम मरतो. इथला दुकानदार म्हणे चार वर्षं वापरला ना, आता फेक अन् नवा घे. काऊन फेकू? टायर बसला म्हणून कोणी गाडी भंगारात देते का? मी त्याच्या काउंटरवर हात आपटला. त्यानं मले दुकानाबाहेर काढलं.

ताई, योगिनी तुले माहीत आहे. मी बी.एस्सी. अर्धवट सोडली, ती अजून बुलढाण्याला होस्टेलवर राहून शिकते. महिनाभरात तिचा तीनदा फोन आला अन् तीनदा मधेच मेला. शेवटी ती रडून राह्यली होती. रविवारी तिला पाहायला पाहुणे येणार, एवढंच ऐकू आलं. आता मी केला तर ती उचलत नाही. तिला वाटत असेल, मीच कापतो. रविवारच्या आत नवी बॅटरी टाकून दे. लय जीव जळून राह्यला.

रागाव, पण माया आटू देऊ नको.
तुझा संघर्ष

मलकापूर, ९ ऑक्टोबर २०२५

चि. संघर्षास,
ताईचा जयभीम आणि डोक्यात एक टपली.

बॅटरी बदलली. आमच्या गल्लीतल्या महामायाबाई मोबाइल दुरुस्त करतात. त्यांनी फुगलेली बॅटरी पाहिली आणि विचारलं, हा पोरगा रात्रंदिवस चार्जर लावून फोन उशीखाली ठेवतो का. कोणाच्या फोनची वाट पाहतोस, ते मी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, उष्णतेनंच खाल्ली. नीट वापरला तर फोन अजून दोन-तीन वर्षं सहज जाईल.

काल तोच फोन वाजला. योगिनी होती. मी उचलला, चिडू नकोस. बॅटरीचं सगळं शपथेवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ताई, फोन जुना झालाय हे मला पहिल्या वेळीच कळलं होतं. पण महिनाभरात त्याला एकदा एस.टी.त बसून बुलढाण्याला येता आलं नाही का? ती शनिवारी सकाळी गावी जाणार आहे. मी म्हटलं, त्यालाच विचारते. तुझ्याकडं उत्तर आहे का?

फोन गोकुळभाऊकडे दिलाय. जेवत जा.
तुझीच, कान पिळणारी
समता

धाड, १० ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी तुझ्यावरच भडकलो. आमच्या मधात बोलायला तुले कोणी सांगितलं होतं, अशा चार ओळी लिहिल्या अन् फाडल्या.

खरं सांगू? कॉलेज सोडल्यापासून त्या गेटसमोर उभं राहायची मले लाज वाटते. ओळखीची पोरं विचारतील, सर विचारतील. अन् तिच्या बापानं विचारलं, पोरगा काय करते, तर ती काय सांगणार? म्हणून महिनाभर मी त्या बॅटरीले शिव्या देत बसलो.

फोन मिळाला. शंभर टक्के दाखवून राह्यला. तिला लावायचा म्हणून दोनदा हातात घेतला अन् खाली ठेवला. आता दहाच्या एस.टी.नं बुलढाण्याला निघतो. फोन घरीच ठेवतो. तिनं हाकललं तर तोंडावर हाकलील, मधेच कटणार तर नाही.

परत आल्यावर काय झालं ते लिहीन. तोवर मले वाईट समजू नको.
तुझा
संघर्ष