फितीचं पान

प्रिय लेकी,

...आणि त्या सकाळीही मी नेहमीसारखं साडेसहाला शाळेचं चॅपल उघडलं. बाक पुसले, फुलदाणीतलं शिळं पाणी बदललं, पहिलीच्या पोरांनी बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगम सुरीने खरवडून काढलं. मग वाचनाच्या स्टँडवरचं मोठं पुस्तक उचलून खालची धूळ झटकली. उचलताना त्यातली लाल फीत सुटली, ती पुन्हा पानांत सरकवून ठेवली. हात सवयीने चालत होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. कारण दोन तासांनी त्याच पुस्तकातून मी वाचणार होते.

तू म्हणाली होतीस, नको. तुला वाटलं मी ऐकलं.

तूही याच शाळेत शिकलीस, तुला ठाऊक आहे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चॅपलमध्ये मिस्सेची प्रार्थना, आणि त्यातलं बायबलचं वाचन एका मुलाच्या घरच्यांनी करायचं. या खेपेला आपल्या भिंगरीची पाळी. घरून कोण वाचेल असं सिस्टरांनी विचारलं, तर पोरीने हात वर केला आणि सांगितलं, माझी आजी. वर्ग हसला. शाळा झाडणारी मावशी निरक्षर आहे हे शाळेच्या मांजरालाही माहीत होतं. तुला फोनवर सांगितलं तर म्हणालीस, आई, पोरीचं हसं करू नकोस. आणि त्याच दमात म्हणालीस, पुढच्या वर्षी तिला वसतिगृहात घालते, तिचा अभ्यास घेणारं घरात कोणी नाही. मला राग नाही आला. तिकडे शहरात हॉस्पिटलच्या ड्युट्या करून तू एकटी किती बाजूंनी पुरी पडणार? पण त्या दिवशी भाजी करपली हे खरं.

आता तुला न सांगितलेली गोष्ट सांगते. तुझे बाबा संध्याकाळच्या चहानंतर मला पुस्तक वाचून दाखवायचे, आठवतं? एका जहाजावरच्या सुताराची गोष्ट चालू होती. ते गेले तेव्हा खुणेचं बसचं तिकीट एकशे बाराव्या पानात होतं. पुढची चाळीस पानं राहिली होती. महिनाभर ते पुस्तक मी नुसतं पुसून ठेवत होते. मग वाटलं, सुताराचं पुढे काय झालं हे मला कोण सांगणार? दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. शाळेच्या लायब्ररीत रद्दीला निघालेली पहिलीची पुस्तकं घरी आणली. चित्रावरून शब्द, शब्दावरून अक्षर, असं उलटं शिकले. चाळीस पानांना दोन वर्षं लागली. शेवट काही खास नव्हता, बाबांनी नाक मुरडलं असतं. पण शेवटच्या पानावर मी जी रडले, ती त्यांच्या मातीलाही रडले नव्हते. नंतर मात्र थांबवेना. शाळा सुटल्यावर, कोणी नसताना वाचून लायब्ररीची दोन कपाटं झाली, तिसरं चालू आहे. भिंगरीचा अभ्यास तीन वर्षं मीच घेते. तिला सांगून ठेवलं होतं, आईला मी स्वतः सांगेन. सांगायला तोंड उघडलं की तुझी ड्युटीची वेळ व्हायची. आणि खरं सांगू, आईने लेकीपुढे पास झाल्यावरच बोलावं असंही वाटायचं.

सिस्टरांनी वाचनाचा कागद तीन आठवडे आधी दिला. मी तो घोकला, इतका की झाडू मारताना तोंडातून आपोआप येई. गाण्याच्या बाईंनी ऐकलं आणि सगळ्या टीचरांदेखत म्हणाल्या, तीन आठवडे दिले तर पोपटही वाचेल. सगळ्या हसल्या, मीही हसले. बोलणं लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं.

मिस्सा सुरू झाली. मी पुढे गेले, फीत धरून पुस्तक उघडलं, आणि पान माझं नव्हतंच. सकाळी मीच फीत भलत्या पानात सरकवली होती. समोर होतं पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचं वाचन, ज्यात देशोदेशीच्या लोकांच्या नावांची लांबलचक माळ आहे. एकेक नाव असं की चूळ भरून म्हणावं. सिस्टरांचा नियम तुला माहीत आहे, स्टँडवर उभं राहून पानं चाळायची नाहीत, फीत असेल तिथे वाचायचं. घोकलेलं सगळं ओठांवर होतं. पुस्तकाकडे बघत तेच म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण पहिल्या बाकावर भिंगरी बसली होती, हात घट्ट जोडून, जणू परीक्षा तिचीच आहे. तिने वर्गाला सांगितलं होतं, आजी वाचेल. आजी पाठ म्हणेल असं नव्हतं सांगितलं.

मग मी समोरचं वाचलं. पहिल्या नावाला अडखळले, दुसऱ्याला पोरं खुसखुसली, तिसऱ्याला माझा आवाज सुटला. ते सगळे परके लोक आपापल्या भाषेत एकच गोष्ट ऐकतात, असं त्यात आहे. वाचता वाचता मला ते पहिल्यांदाच कळत होतं, आणि घाई करावीशी वाटेना. संपलं तेव्हा पोरांनी "देवाला धन्यवाद" असं काही ओरडून म्हटलं की काचा वाजल्या. फादर उठले, हसू दाबत म्हणाले, "यंदा आपला सण तीन महिने आधीच आला." बाहेर गाण्याच्या बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, हे पान तर मीही टाळते." मी म्हटलं, "पोपटही टाळतो." दोघी हसलो, आणि बाईंनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. भिंगरी घरापर्यंत माझ्यापुढे दोन पावलं चालत होती, मिरवणुकीतल्यासारखी.

हे पत्र कोणाकडून लिहून घेतलं असं विचारू नकोस. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. पोरीला वसतिगृहात पाठवायचं की नाही, आई तू आहेस, तूच ठरव. फक्त अभ्यास घेणारं घरात कोणी नाही म्हणून पाठवू नकोस. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या ऑफिसातून पुढच्या वर्षाचा फॉर्म आणला, सगळा स्वतः भरला, "घरी अभ्यास कोण घेतं" या रकान्यात आजी असं लिहिलं, तुझ्या सहीची जागा मोकळी ठेवली आणि तो या पत्रात घातला.

तुझीच,
आई