शंभर टक्के नुकसान

१९ डिसेंबर
दुष्काळी अनुदानासाठी पाहणी पथक येणार. तलाठी म्हणाला, वेळ कमी, एकच रान बघतील, त्यावर आख्ख्या गावाचं ठरणार. चावडीवर ठरलं, अल्ताफचं रान दाखवायचं. रस्त्याकडंला आहे, ज्वारी पार करपलेली. अनुदान आलं तर तो कडबा घेणार, न्हाई तर म्हैस विकणार. साहेबांशी बोलायचं कोणी? अर्थातच मी. ऑफिसर हँडल करणारा गावात दुसरा आहे कोण? मी नको नको म्हणत होतो, गावानं लई आग्रह केला. केशर म्हणते, कुणीच केला न्हाई. बायकोला मागं बसून ऐकू आलं नसेल.

२१ डिसेंबर
अडचण एकच. माझं रान. अल्ताफच्या बांधाला लागून, बोअरच्या पाण्यावर आलेलं. ज्वारी डोक्याच्या वर, ऐन हुरड्यात. अर्जात मी पण शंभर टक्के नुकसान लिहिलंय. गावाच्या एकीला तडा नको.
बांधावर जुन्या लुगड्यांचा पडदा लावला. रानडुकरांसाठी सगळेच लावतात. अल्ताफ म्हणाला, करपलेल्या रानाला कोण लुगडं लावतं? निगेटिव्ह माणूस.

२४ डिसेंबर
आरशापुढं दुःखी चेहऱ्याची प्रॅक्टिस. नात आरोही रडत आईकडं पळाली. म्हणजे जमतंय. नवा शर्ट खांद्यावर फाडला. केशर ओरडली, फाटके ढीगभर पडलेत, नवा कशाला फाडला? तिला प्रेझेंटेशन कळत नाही.
निर्धार: मोजकंच बोलायचं.

२७ डिसेंबर, सकाळी
आज पथक. केशरचं एकच पालुपद, चहा पाजा अन् वाटंला लावा. बघू.

२७ डिसेंबर, संध्याकाळी
सक्सेस! साहेब आले, सोबत फोटो काढायला प्रियदर्शनी मॅडम. मी भाषण सुरू करणार तेवढ्यात अल्ताफनं ज्वारीचं एक ताट उपटून साहेबांच्या हातात दिलं. हातातच चुरा झाला. साहेब म्हणाले, अजून काय बघायचं, गाव बसतंय यादीत. गाडीकडं निघाले पण.
आता डिसेंबरात शिवारात आलेला माणूस हुरडा न खाता परत जातो होय? आमच्या घराण्यात असं झालेलं नाही. मी म्हणालो, साहेब, दोन कणसं तरी चाखून जा. अल्ताफनं माझा शर्ट ओढला. फाटक्या बाजूनंच. बाही त्याच्या हातात राहिली.
आगटी पेटवली. गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी. पहिल्याच घासाला साहेबांनी डोळे मिटले. म्हणाले, दुष्काळात एवढा गोड हुरडा, विकत कुठून आणला?
विकत! माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणालो, हा सुंदरराव पाहुण्याला विकतचा घालीत नाही, चला दाखवतो. लुगडं बाजूला सारलं. साहेब बघतच राहिले. तेवढ्यात लाईट आली, ऑटो स्टार्टरनं मोटार सुरू, पाणी धो धो. मॅडमनी मला ज्वारीत उभं करून फोटो काढले. गडबडीत दुःखी चेहरा करायचा राहिला.
साहेब जाताना काहीच बोलले नाहीत. पोट भरल्यावर माणूस गप होतोच.

४ जानेवारी
यादी आली. गाव नाही. नामंजूर गावांत आमच्यापुढं लिहिलंय, पीक समाधानकारक. टायपिंगची चूक असणार. अल्ताफनं म्हैस बाजाराला काढली. बोलत नाही माझ्याशी. त्याच्या बायकोनं, फरजाना भाभीनं, दार लावून घेतलं. मन खट्टू झालं. एवढं करून यश नाही.

७ जानेवारी
केशरनं मला न विचारता गावाला हुरड्याचं आवतण दिलं. म्हणाली, गावाचं अनुदान तुमी पाहुण्याला चारलं, आता गाव तुमचं रान खाईल.
आख्खं गाव आलं, विळे घेऊन. कणसं खाल्ली, ताटं कापली, जनावरांना भारे बांधून नेले. मी प्रत्येकाला विचारलं, कसा काय हुरडा? कुणी उत्तर दिलं नाही. तोंडं भरलेली होती.

८ जानेवारी
रानात गेलो. नुसती धसकटं. बांधापलीकडं अल्ताफची म्हैस माझा कडबा खात उभी. विकली नाही म्हणे.
लगेच तलाठ्याला फोन लावला. म्हणालो, आता खरंच शंभर टक्के नुकसान, पथक पाठवा. तो म्हणाला, पथक येणारच हाय की. पुढच्या डिसेंबरात. हुरड्याला. साहेब घरच्यांना पण आणणार हायेत.
या म्हणालो. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?