भिंतीवरची नीलम्मा

सोमवार, ३ फेब्रुवारी
सोमशेखरअण्णांनी आज परत नीलम्माच काढली. हिरवं लुगडं, नथ, गळ्यात हार. ती, त्यांची बायको, वारल्यापासून झोप नाही म्हणून चित्रं काढायला येतात माझ्याकडे. "कसं झालंय, मॅडम?" मी म्हटलं, "लई छान!" आणि बाकीच्यांशेजारी भिंतीवर लावलं. खूश झाले. झोपेचं विचारलं, तर — "न्हाय की." इतकी चित्रं काढून माणूस जागच्या जागी! कुठं चुकतंय माझं?

रविवार, ९ फेब्रुवारी
वैष्णवीताईंच्या हॉलमध्ये सुपरव्हिजन. मी आणि अभिमन्यू, दोघं आर्ट थेरपिस्ट, महिन्यातून एकदा त्यांच्यापुढे आपापल्या अडचणी मांडतो. मी अण्णांचं सांगायला तोंड उघडलं तर ताई म्हणाल्या, "बोलू नकोस. काढ."
फरशीवर पेपर पसरून बसले. अण्णा, मी, मध्ये रंग — काढलं. "वा, सुंदर!" ताईंनी दुसरा कागद दिला. परत तेच काढलं, जरा अजून गोड. परत "सुंदर!" तिसऱ्यालाही तेच. अभिमन्यू फिसकन हसला आणि माझी ट्यूब पेटली. ताईंना आवडावं म्हणून काढत होते की मी!
असा राग आला! आधी ताईंचा, मग स्वतःचा. एवढं शिकून मी तिथं बक्षीस समारंभ मांडून बसलेय. अण्णा माझ्या 'छान'साठी काढतात.

सोमवार, १० फेब्रुवारी
अण्णा यायच्या आधीच चित्रं उतरवून फाइलीत ठेवली. म्हटलं, "माझ्यासाठी नका काढू. वाईट निघालं तरी चालेल." ते रिकाम्या भिंतीकडे बघत राहिले. "तिला खाली का काढलं?" ब्रशला हात न लावता उठून गेले.

सोमवार, १७ फेब्रुवारी
आले नाहीत. फोनही उचलत नाहीत. ताईंना विचारलं, घाई केली का मी? "केलीस. उतरवायच्या आधी त्यांना विचारायचं होतंस. पण आता परत टांगू नकोस. वाट बघ."
वाट बघ म्हणे! घरात तो माणूस एकटा.

सोमवार, २४ फेब्रुवारी
आले! मी कागद पुढे ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. मग खाली बघतच बोलले, "नीलम्मा मेली न्हाय, मॅडम. बार्शीला हाय, भावाकडं. मला सोडून गेली."