नवमीच्या पाटावर कोण बसणार

प्रिय वहिनी,

काल अविधवा नवमी झाली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची, एवढंच काम. वर्षश्राद्धानंतरची तुमची ही पहिलीच नवमी, आणि तिच्यापायी दादा आणि आमची थोरली अक्का कायमचे तुटायची वेळ आली होती. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसलो.

अक्का म्हणजे अक्काच! तो दुष्काळाचा उन्हाळा आठवतो? तिच्या शेंद्र्यात शेतं जाऊन कंपन्या उभ्या राहत होत्या, विहिरी मात्र कोरड्या. आपल्या पुंडलिकनगरात तरी कुठं पाणी होतं? आणि अक्का घरातल्या सगळ्या गोधड्या टेम्पोत घालून धुवायला दारात हजर! दादानं आणि मी तोंडं फिरवली. तुम्ही तिला चहा दिलात, टाकीचं झाकण उघडून दाखवलंत आणि म्हणालात, "अक्का, तुम्ही मोठ्या. कशाला किती पाणी, ते तुम्हीच ठरवा." अक्कानं पदर खोचला. दिवसभर तिनं आम्हाला तांब्या-तांब्यासाठी दम दिला आणि गोधड्या न सोडताच परत नेल्या. वर गावभर सांगितलं, की माझ्यावाचून त्या घराला पाणी पुरत नाही.

अशी तुमची रीत. नाही म्हणायचं नाही, कारभार हातात द्यायचा. आम्ही त्याला तुमचा स्वभाव म्हणत राहिलो. पण वहिनी, सगळ्यांचे रुसवे काढताना एकदा तरी आमच्यावर डाफरायचं होतंत!

तुमच्या तेराव्याला अक्का चारचौघांत दादाला म्हणाली, "राबून राबून गेली ती. तू बघितलं नाय." तेव्हापासून दादानं तिच्याशी बोलणं टाकलं. त्यात यंदा अक्काचा फोन आला, की नणंदेचा मान आहे, नवमीला पाटावर मीच बसणार. दादाला शेजारच्या मंदाताईंना बसवायचं होतं. शेवटच्या आजारपणात तुम्हाला त्यांनीच भरवलं होतं ना? अक्का पाटावर बसली तर मी घरात थांबणार नाही, असं दादानं सांगून टाकलं.

मी सवयीनं माझ्या बायकोकडं बघितलं. सुनीता शांतपणे म्हणाली, "वहिनींचं काम माझ्याकडं देऊ नका. बहीण तुमची आहे."

खरंच होतं. मग मीच शेंद्र्याला गेलो. हुज्जत घातली नाही. मंदाताईंनी काय काय केलं ते सांगितलं आणि म्हटलं, वहिनींच्या नावानं कोणाला बसवायचं ते तूच ठरव. पुरण कोण घालणार आहे, असं अक्कानं जरा रागानंच विचारलं.

काल ती सकाळीच आली. सुनीताच्या पुरणाला नावं ठेवली, मांडलेला पाट हलवून दुसरीकडं मांडला, आणि मंदाताईंना हाताला धरून त्यावर बसवलं. त्यांची ओटीही तिनंच भरली. "लई केलं बाई तुम्ही," एवढंच म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. दादा उठला. मला वाटलं, हा बाहेर चालला. तो आत गेला आणि म्हणाला, "अक्का, चल. माझ्याशेजारी जेवायला बस."

दोघं फार बोलली नाहीत, पण पोटभर जेवली. जाताना अक्कानं फर्मान सोडलंच, की दिवाळीला राहायला येणार आणि वरची खोली मलाच पाहिजे. दादा हो म्हणाला.

वहिनी, एक शब्द देतो. अक्काचं रुसणंफुगणं यापुढं दादा आणि मी बघू, सुनीताच्या गळ्यात घालणार नाही. आणि सुनीता कधी गप्प गप्प दिसली, तर जवळ बसून काय झालं म्हणून विचारीन. तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं.

तुमचा,
सुधाभावजी